ज्याचं कार्ड त्यानंच काढायचं

दिलावरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दोह्यातल्या मुशैरिबच्या ऑफिसमधून नुकतीच बाहेर पडून पार्किंगमध्ये पर्स उलटीपालटी करत गाडीची किल्ली शोधत होते. फोन मिलिंदचा, माझ्या नवऱ्याचा. तो आणि दिलावरभाई दोघंही रास लफानला गॅसच्या एकाच प्लँटवर कामाला, आणि राहायला उम्म सलाल मोहम्मदच्या एकाच कंपाउंडमध्ये, त्यामुळे रोजचं जाणं-येणं कंपनीच्या एकाच बसनं. "मेधा, दिलावरभाई गेले," तो म्हणाला, "बसमध्येच." स्टॉपवर सगळे उतरले, दिलावरभाई मात्र खिडकीला डोकं टेकून तसेच बसलेले. ड्रायव्हरला वाटलं, डोळा लागला असेल. दिवसभर उन्हात उभं राहिलेल्या माणसाला परतीच्या बसमध्ये झोप लागली तर कुणाला काय वाटणार? मिलिंद त्यांच्या दोनच सीट मागे होता. "त्यांच्या शेजारी कुणीच नव्हतं गं," तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. "शेजारची सीट रिकामीच होती. मी बसलो असतो तर निदान कळलं तरी असतं..."

ती सीट रिकामी का होती, हे मला माहीत होतं. मिलिंदला वाटत होतं, त्यालाही माहीत आहे. पण त्याला जे माहीत होतं ते खरं नव्हतं, आणि ते खोटं तीन वर्षं मी नीट जपून ठेवलं होतं. दिलावरभाईंना जाऊन आता सहा-सात आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल लिहून दे असं सांगण्यात आलं तेव्हा चार चांगल्या आठवणी लिहून मोकळं व्हावं असा मोह मला झाला, नाही असं नाही. तशा आठवणी ढीगभर आहेत. पण त्या तेवढ्याच लिहिल्या तर दिलावरभाई जिथे कुठे असतील तिथून चष्मा नाकावर ओढून म्हणतील, "वहिनी, रिपोर्ट अर्धवट आहे."

रिपोर्ट हा त्यांचा आवडता शब्द. दापोलीकडचा माणूस, सत्तावीस वर्षं कतारमध्ये, आणि त्यातली सगळी सेफ्टीत. हा माणूस लग्नाला गेला तरी आधी बाहेर पडायचे दरवाजे बघायचा, मग नवरा-नवरी. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा शेगडीला वास येतोय म्हणून मी घाबरून शेजारच्या दाराची बेल वाजवली. दार उघडणारे दिलावरभाई हातात साबणाच्या फेसाची वाटी घेऊनच आले, नळीवर फेस लावून बुडबुडा दाखवला, आणि पुढची वीस मिनिटं मला असं काही सुनावलं की माझे वडील कधी बोलले नसतील. मी तिरसट स्वभावाची, मला कुणी शिकवलेलं खपत नाही. मी मनात म्हटलं, या माणसाचं आणि आपलं काही जमायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी नळी आणून बसवली, वर त्यांच्या बायकोच्या, सकिनाभाभींच्या हातची सांदणं पाठवली. मग जमलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळींचं सीमोल्लंघन हा त्यांचाच शोध. दसरा झाला की त्यानंतरच्या शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, उम्म सलालच्या उत्तरेला असलेल्या एका मोठ्या मजरावर, म्हणजे शेतवाडीवर, फिरायला जायचं. मालकाच्या वडिलांनी पन्नासेक वर्षांपूर्वी तिथे झाडांची एक राई लावली होती. बोरी, कडुलिंब, बाभळी, सुरू... वाळवंटात इतकी दाट सावली की पहिल्यांदा आत शिरले तेव्हा मी उगाचच आवाज खाली आणला होता. चालणं जेमतेम तासाभराचं, पण तोवर हवा बदललेली असते, सकाळी अंगाला पहिल्यांदा गारवा लागतो, आणि चार-पाच महिने एसीत कोंडलेली माणसं वासरांसारखी सुटतात. परवानगी दिलावरभाईंच्या शब्दावर मिळायची. अट एकच. राईच्या डाव्या हाताला खजुरांची बाग आहे, तिथे त्या दिवसांत औषध फवारतात. आमचा शेवटचा माणूस फाटकाबाहेर आला, की दिलावरभाईंनी ट्रॅक्टरवाल्या शफीकला हात करायचा, मगच त्यानं फवारणी सुरू करायची.

म्हणून तो बोर्ड. प्लँटवर आत जाताना प्रत्येकाला आपलं कार्ड बोर्डावर लावून जावं लागतं. भोंगा वाजला की बोर्ड बघायचा, कार्ड आहे म्हणजे माणूस आत आहे. दिलावरभाईंनी तसाच एक प्लायवूडचा बोर्ड घरी बनवला, चाळीस खिळे ठोकले, प्रत्येकाचं नाव स्वतःच्या वळणदार अक्षरात मराठीत लिहून कार्डं केली. पहिल्या खिळ्यावर त्यांचं स्वतःचं कार्ड, ते सगळ्यात आधी लागायचं आणि सगळ्यात शेवटी निघायचं. आणि फाटकाशी दरवर्षी तेच भाषण. "ज्याचं कार्ड त्यानंच काढायचं. नवऱ्याचं बायकोनं नाही, पोराचं आईनं नाही." आम्ही बायका एकमेकींना कोपरानं ढोसत हसायचो. मी एकदा म्हटलंही, "दिलावरभाई, इथे काय गॅस लीक होणार आहे?" ते म्हणाले, "गॅस लीक झाला तर अलार्म वाजतो, वहिनी. माणूस मागं राहिला तर काय वाजतं?"

तीन वर्षांपूर्वी माझे सासरे, अण्णा, नाशिकहून आमच्याकडे आले होते. जन्मभर फॉरेस्ट खात्यात नोकरी, पेठ-सुरगाण्याची जंगलं पायाखाली घातलेला माणूस. पण त्या वर्षी त्यांचं काहीतरी बिनसायला लागलं होतं. चहा पिऊन झाल्यावर "चहा झाला का?" विचारायचे. एकदा कंपाउंडमध्ये दुसऱ्याच घराची बेल वाजवत उभे राहिले. आम्ही कुणाला बोललो नाही. मिलिंदला ते शब्दांत मान्य करायचं नव्हतं आणि मला लोकांच्या चौकशा नको होत्या. सीमोल्लंघनाच्या दिवशी मिलिंदची नेमकी पाळी होती. पहाटे बूट घालता घालता तो एवढंच म्हणाला, "अण्णांवरची नजर हलवू नकोस. एक मिनिटही नाही." मी म्हटलं, "मी काय लहान आहे?"

मी, पांढऱ्या टोपीतले अण्णा आणि तेव्हा अकरा वर्षांची आमची इरा. फाटकाशी दिलावरभाईंनी अण्णांना वाकून नमस्कार केला, त्यांचं ताजं कार्ड त्यांच्याच हातून लावून घेतलं. "काही त्रास वगैरे? बीपी, शुगर? मागं कुणी ठेवू का सोबतीला?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. सांगायची वेळ ती होती. मी म्हटलं, "छे, ठणठणीत आहेत."

तासाभरानं आम्ही परत फाटकाशी आलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. चहा-नाश्त्याचं त्या वर्षी माझ्याकडे होतं, दडप्या पोह्यांचा डबा गाडीत, मुलं भुकेनं कलकलत होती, आणि तेवढ्यात मिलिंदचा फोन वाजायला लागला. माझ्या पुढे दहा पावलांवर मला पांढरी टोपी दिसली. अण्णा बाहेर पडले, मी मनात म्हटलं. एका हातानं फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं मी बोर्डावरची आमची तिन्ही कार्डं एकदम ओढली आणि पर्समध्ये टाकली. घरातल्या बाया हेच करतात ना... सगळ्यांचे पासपोर्ट, सगळ्यांची तिकिटं, सगळ्यांच्या गोळ्या आपल्याच पर्समध्ये. मिलिंद विचारत होता, "अण्णा कुठेत?" मी म्हटलं, "हे काय, माझ्यासमोर आहेत."

बोर्डावर फक्त दिलावरभाईंचं कार्ड उरलं होतं. त्यांनी ते काढलं, बोर्डावरून एकदा नजर फिरवली आणि शफीकला हात केला. "खलास. यल्ला, शुरू करो." ट्रॅक्टर धडधडत खजुरांकडे वळला.

मी चहा ओतत होते. अण्णांचा बिनसाखरेचा कप वेगळा ठेवला, आणि तो द्यायला वळले तर पांढऱ्या टोपीखाली आमच्यातल्याच कुलकर्ण्यांचे वडील होते. मी सगळ्या टेबलांवर पाहिलं, गाडीत पाहिलं. पन्नास पावलांवरच्या दिलावरभाईंना गाठलं. "अण्णा दिसत नाहीत," मी म्हटलं. त्यांनी आधी बोर्डाकडे पाहिलं. अण्णांचा खिळा रिकामा. मग माझ्याकडे पाहिलं. माझा हात पर्सच्या चेनवर घट्ट आवळलेला होता. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलंय. ते ट्रॅक्टरच्या दिशेनं धावत सुटले, साठीला टेकलेला माणूस, "बंद करो! शफीक, बंद करो!" असं ओरडत. ट्रॅक्टरच्या आवाजात शफीकला ऐकू जाईना. औषधाचा तो पांढरा धुरळा खजुरांच्या दोन ओळी ओलांडून तिसरीत शिरला होता. शेवटी ते ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन हात पसरून उभे राहिले.

ट्रॅक्टर थांबला. दिलावरभाई परत आले ते धापा टाकत, पण आवाज प्लँटवरचा. "कुणीही आत जायचं नाही. सगळे बोर्डापाशी उभे राहा. जो आत जाईल तो कार्ड लावूनच जाईल." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "वहिनी, अण्णा काय बोलत होते? काही तरी बोलले असतील. आठवा." मला काही आठवेना. मी पूर्ण वाटभर बायकांशी गप्पा मारत होते. इराच म्हणाली, "ही वॉज टेलिंग मी अबाउट अ ट्री. शमी समथिंग. ही सेड वी हॅव टु गो टु इट." दसरा, सीमोल्लंघन, शमीची पूजा... अण्णा नातीला सांगत होते आणि ती इंग्रजीत हुंकार देत होती. "शमी म्हणजे कसलं झाड?" दिलावरभाईंनी विचारलं. मी कसंबसं म्हटलं, "काटेरी असतं. बारीक बारीक पानं, बाभळीसारखी." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "गाफ म्हणतात इथं. एकच आहे, जुनं. खजुरांच्या पलीकडे, भिंतीजवळ."

म्हणजे त्या फवारलेल्या ओळींच्या पलीकडे. वळसा घालून जायला वीस मिनिटं लागली असती. त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला, तोंडाला बांधला, स्वतःचं कार्ड पहिल्या खिळ्यावर पुन्हा लावलं आणि सरळ त्या धुरळ्यातून आत गेले. मी मागे निघाले तर भाभींनी माझं मनगट धरलं. किती वेळ गेला माहीत नाही. बोर्डावरच्या त्या एका कार्डाकडे बघत आम्ही सदतीस-अडतीस माणसं उभी होतो. माझा फोन वाजत होता, स्क्रीनवर मिलिंदचं नाव. मी उचलला नाही. मनात काय चाललं होतं ते लिहायचीही लाज वाटते. अण्णा सापडू देत हे होतंच, पण त्याच्याच बरोबर, माझी पर्स कुणी उघडायला सांगू नये, हेही होतं.

ते दोघं आले ते लांबून, भिंतीकडच्या रस्त्यानं. दिलावरभाईंचा हात अण्णांच्या खांद्यावर, अण्णांची टोपी अण्णांच्या हातात, आणि टोपी पानांनी भरलेली. शमीखाली बसून ते सगळ्यांसाठी सोनं तोडत होते. तहानेनं ओठ सुकले होते, बाकी धडधाकट. उलट तेच चिडलेले. "शिस्त नाही तुम्हा लोकांत, म्हाताऱ्याला टाकून येता?" मग टोपीतून चार पानं काढून त्यांनी दिलावरभाईंच्या हातावर ठेवली. "घ्या, सोन्यासारखे राहा." दिलावरभाईंचे डोळे औषधानं लालभडक झाले होते, त्यातून पाणी वाहत होतं. त्यांनी ती पानं खिशात घातली आणि हात छातीला लावला.

तोवर मजराचा मॅनेजर येऊन पोचला होता. संतापलेला होता आणि त्याचं बरोबरच होतं. माणूस आत असताना फवारणी सुरू करायला कुणी सांगितलं, असं तो इंग्रजीत ओरडत होता. दिलावरभाई म्हणाले, "मी. बोर्ड मी बंद केला. चूक माझी." सगळ्यांसमोर. मी चार हातांवर उभी होते, अण्णांचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, आणि मी अण्णांना पाणी पाजत राहिले.

पुढचं सगळं फार हळूहळू झालं. कुणी दिलावरभाईंना वाकडं बोललं नाही, आपल्याकडे तसं तोंडावर कुणी बोलत नाही. पण "चोवीस वर्षं सेफ्टीत काढली आणि चाळीस माणसं मोजता येईनात" हे मी दोन घरांत ऐकलं. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली ती कुलकर्ण्यांच्या नावावर, आणि पुढे चालायलाही कुलकर्णीच. दिलावरभाई बोर्ड घेऊन यायचे, बोर्ड लावायचे आणि रांगेच्या शेवटी चालायचे. मिलिंदनं त्यांच्याशी भांडण केलं नाही. त्यानं फक्त बसमधली जागा बदलली. आठ वर्षं शेजारी बसलेला माणूस दोन सीट मागे जाऊन बसायला लागला. मी रोज संध्याकाळी त्याला बसमधून उतरताना बघायची आणि रोज म्हणायची, उद्या सांगते. अण्णा नाशिकला परत गेले, आता ते धाकट्या दिरांकडे असतात आणि फोनवर मला ओळखत नाहीत.

दिलावरभाईंनी एकदाच विषय काढला. त्यानंतरच्या दसऱ्याला, फाटकाशी, कार्डं अडकवता अडकवता. "अण्णांचं कार्ड त्या दिवशी कुठं गेलं काय कळलं नाही, वहिनी," ते म्हणाले. हातातला कार्डांचा डबा नुसताच हलवत होते, माझ्याकडे बघत नव्हते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला उघडून दिलेलं ते दार होतं. मी म्हटलं, "पडलं असेल कुठेतरी." ते "हां... पडलं असेल," म्हणाले, आणि पुढचं कार्ड अडकवलं.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी मिलिंदला सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मी त्यांना तीन वर्षं सलामसुद्धा केला नाही, मेधा," आणि खाली जाऊन गाडीत बसला, गाडी चालू न करता. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मग मी भाभींकडे गेले. बोलायला सुरुवात केली तर त्यांनी हातानं थांबवलं. "मला त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. डोळ्यांत औषध घालत होते मी, तेव्हा. मी भांडले, म्हटलं, सगळ्यांना सांगा. तर म्हणे, घाबरलीय बिचारी, सांगेल आपणहून. दर दसऱ्याला म्हणायचे, या वर्षी सांगेल बघ." मी रडायला लागले. भाभी उठल्या नाहीत, जवळही आल्या नाहीत. "ते वाट बघत होते," त्या म्हणाल्या, "माझं तसं नाही. मी रागावलेलीच आहे तुझ्यावर."

या वर्षीच्या सीमोल्लंघनाला मात्र त्या आल्या, बोर्ड घेऊन. पहिल्या खिळ्यावर त्यांनी दिलावरभाईंचं कार्ड घरूनच लावून आणलं होतं. आत जायच्या आधी मी पर्समधून अण्णांचं ते जुनं कार्ड काढलं आणि सगळ्यांना सांगितलं. लांबण लावली नाही. मी काढलं होतं, मला माहीत होतं, मी गप्प बसले. कुलकर्णी बुटांकडे बघत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे आता, झालं गेलं." भाभी ताडकन म्हणाल्या, "जाऊ दे का? बोलू दे तिला पूर्ण." मग मी बसमधल्या सीटचंही सांगितलं. मिलिंद माझ्या शेजारी उभा होता.

राईतून आम्ही गाफपर्यंत गेलो, या वेळी भिंतीकडच्या रस्त्यानं, आणि परत आलो. एकेकानं आपापलं कार्ड काढलं, शांतपणे, रांगेत. पहिल्या खिळ्यावरचं तेवढं राहिलं. शफीक ट्रॅक्टरवर बसून बोर्डाकडे बघत होता. "मॅडम, एक आदमी अंदर है?" त्यानं विचारलं. कुलकर्णी हळूच म्हणाले, "वहिनी, काढा ते. त्याला फवारणी सुरू करायचीय." माझा हात सवयीनं पुढे गेलासुद्धा... आणि मी तो मागे घेतला. "नाही," मी म्हटलं, "ज्याचं त्यानंच काढायचं." शफीकनं इंजिन बंद केलं. भाभींनी मग तो बोर्ड कार्डासकट उचलला आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर नीट उभा ठेवला. आमची गाडी मुख्य रस्त्याला लागल्यावर मागे ट्रॅक्टरचा आवाज सुरू झाला.

डिसेंबरमध्ये भाभी कायमच्या दापोलीला जाताहेत. बोर्ड त्या परत न्यायला आल्या नाहीत, तो आमच्या दाराशी, चपलांच्या कपाटावर लावलाय. पहाटे बससाठी निघताना मिलिंद आपलं कार्ड खिळ्याला अडकवतो आणि संध्याकाळी येऊन आपल्या हातानं काढतो. पहिल्या खिळ्यावरचं असतं तिथेच असतं. जाताना तो त्याच्याकडे बघून "सलाम, दिलावरभाई" म्हणतो आणि मग दार ओढून घेतो.